आक्काचा टोलनाका

दोन हजार तेवीस साल. मी बाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली मला माझ्याच घरातून बाहेर काढण्यात आलं. काढणारी माझी थोरली बहीण, आक्का. गुन्हा काय, तर मी दोनदा खोकलो.

"गोठ्यात जा," ती म्हणाली. "खोकला ग्येला की ये."

"घर माझ्या नावावर हाय, आक्के."

"मग सातबारा उशाला घिऊन झोप गोठ्यात."

मी रिहे गावचा माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी धरून बसवलं म्हणून. पण आजवर मला कोणी 'ऊठ' म्हणून उठवलेलं नाही. रस्त्याची मोजणी करायला आलेल्या साहेबांना मी बांधावरून परत पाठवलेलं आहे. तो मी, घोंगडी काखेत मारून गोठ्यात गेलो. आत एकच गाय. तिनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की हा कुठला नवा पाव्हणा. खोकला जाईपर्यंत माझं ताट कुंपणावर ठेवलेलं असायचं आणि आक्का लांबून ओरडायची, "घे, निवतंय!"

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. माझा मुलगा ज्ञानू लवळ्याला कॉलेजच्या पोरांची रिक्षा चालवतो. त्याची मुलगी सई तेव्हा दुसरीत होती. तिच्या नडग्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. आम्हाला वाटलं, खेळताना पडली असेल. मग ताप आला तो उतरेचना. पुण्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि त्यांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. ज्ञानू खालीच बसला. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. आक्का तेवढी पुढे झाली आणि त्या पोरसवद्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "दवाखान्यातलं तुमचं तुमी बघा. घरात मी काय करू, तेवढं सांगा."

बाईंनी नीट समजावलं. औषध रोगाला मारतं, पण अंगातली राखणदार पेशीही मारतं. मग दुसऱ्याची साधी सर्दीसुद्धा या पोरीच्या जिवावर बेतू शकते. पाणी उकळलेलं, जेवण ताजं आणि शिजलेलं, हात धुतलेले, आणि घरात गर्दी नको.

"गर्दी म्हंजी किती?" आक्कानं विचारलं.

"आजी, शक्यतो कुणीच नको."

"बरं," आक्का म्हणाली.

बाईंना वाटलं असेल, म्हातारी मान हलवते आहे, घरी जाऊन विसरेल. बाईंना आमची आक्का ठाऊक नव्हती. लग्नानंतर तीनच वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी 'राहा' म्हटलं तरी न राहता चालत माहेरी आली, आणि आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच. अंगठेबहाद्दर बाई, पण एकदा 'बरं' म्हणाली की संपलं.

आमच्याकडे कोणी आजारी पडलं की 'येऊ का' असं विचारत नाहीत. येतातच. बिस्किटाचा पुडा, शहाळं, लेकरंबाळं घेऊन येतात. उशाशी बसतात, कपाळाला हात लावतात, आणि अमक्याला अस्संच झालं होतं आणि तो कसा गेला, तेही सांगून जातात. वाईट मनानं नाही. रीतच आहे. जो जात नाही त्याचं नाव लक्षात राहतं. आता या रीतीला आडवं कोण जाणार?

आमच्या अंगणाला लोखंडी फाटक आहे. वरच्या अंगाचा तुकडा पुण्याच्या माणसाला फार्महाऊससाठी दिला, तेव्हा हौसेनं बसवलेलं, वर कमळं बिमळं काढलेली. बसवल्यापासून ते कधी लावलेलं नव्हतं. सई पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी आक्कानं बिजागरीत गोडं तेल ओतलं, मला ढकलायला लावलं आणि फाटक बंद केलं. आत बाज टाकली. फाटकाबाहेरच्या नळाला ज्ञानूच्या जुन्या पायमोज्यात लाल साबण घालून टांगला. काठी मांडीवर घेतली आणि बसली. त्र्याऐंशी वर्षांची पंचाहत्तर म्हणून सांगायची आणि बसायची मात्र पहिलवानासारखी.

"हात दाखव." हे तिचं बोलणं. रामराम नाही, कधी आलास नाही. आधी हात दाखव. सूनबाई वाण्याकडून आली तरी हात दाखव. ज्ञानूला तर दिवसभर पोरं वाहून आल्यावर घरामागे आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय उंबरा दिसायचा नाही. गावातली तरणी पोरं फाटकाला 'आक्काचा टोलनाका' म्हणायला लागली. जाता-येता ओरडायची, "आक्का, पावती द्या की!"

"हितं ये, पाठीवर दिती."

एक लांबची नात्यातली बाई आली. फाटकाबाहेरूनच तिनं सूर लावला, "आगं माज्या सोन्या, काय गं झालं तुझं!" खिडकीत सई बसलेली. डोक्यावर केस नाहीत, डोळे मोठे मोठे. आक्का उठली आणि काठी फाटकावर आपटली. "रडायचं आसंल तर वढ्याकडं जा. तिकडं पाणी कमी झालंय." ती बाई आजतागायत आमच्याकडे आलेली नाही. मला त्याचं दुःख नाही.

बबन माझा चुलतभाऊ. भावकीतलं मोठं माणूस, शब्दाला वजन. तो देवऋष्याचा अंगारा आणि जत्रेचं खोबरं घेऊन आला. बरोबर नातू, त्याच्या तोंडावर कांजिण्यांच्या सुकत आलेल्या खपल्या. डॉक्टरीणबाईंनी कांजिण्यांचं नाव घेऊन बजावलेलं होतं. आक्कानं कडी काढलीच नाही.

"आगं, देवाचा अंगारा हाय. त्याला बी आडवतीस?"

"देवाला कोन आडवतंय? फाटकाला लाव. आत आपोआप पोचतोय. देव हाय न्हवं त्यो?"

बबननं रागारागानं कमळावर अंगारा फासला. "आक्के, भावकीला दारातनं हाकलतीस. उद्या तुझ्या तिरडीला कोन येईल?"

"तुला कशाला काळजी? मी काय मोजायला आसनार हाय व्हय?"

मी पडवीत बसून ऐकत होतो. खरं सांगायचं तर उठून कडी काढावी असं मला वाटलं. इथं राहायचं म्हणजे बबनशिवाय भागत नाही. पण मी उठलो नाही, कारण बहीण बरोबर होती आणि मी तिचा भाऊ होतो.

बाहेरच्यांचं सोपं होतं. सईचं अवघड. तिला मैत्रिणी हव्या होत्या. खिडकीतून ती आक्काच्या पाठीला म्हणायची, "आक्काआजी, तू लई वाईट हायेस."

"व्हय. लई वाईट हाय."

"मला तू आवडत न्हाईस."

"नगं आवडू. भात खाल्लास का?"

पण मागं वळून बघायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "वळले तर फाटक उघडीन, धोंड्या." एवढंच.

इतकं करूनही पावसाळ्यात सईला ताप आला. भर दुपारी ज्ञानूनं रिक्षातच घातली आणि भूगावच्या गर्दीतून पुण्याला नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, कधी कधी आपल्याच अंगातले जंतू उठतात, तुमची चूक नाही. पण गावाचं तोंड सुटलं. झालं का समाधान, म्हणे, माणसं तोडून काय मिळवलं. इकडे घर रिकामं, सई तिकडे सलाइनवर, आणि आक्का फाटकावर बसलेली.

"पोरगी हितं न्हाई, आक्के. राखन कशाची करतीस?"

"ती येनार हाय," ती म्हणाली. "तवर ह्या घरात कुनी शिंकून जाया नगं."

सई आली. आली म्हणूनच तर हे लिहिताना ती माझ्या शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासते आहे. 'लई वाईट हायेस' ही ओळ तिनं खोडायला सांगितली. मी खोडलेली नाही.

पुढच्या वर्षी, सईचं औषध अजून चालू होतं तेव्हाची गोष्ट. आक्का फाटकावर बसल्या बसल्या खोकली. मी बघितलं, तिनंही बघितलं की मी बघितलं. ती उठली, काठी फाटकाला टेकवून ठेवली आणि स्वतःच्या पायानं गोठ्याकडे चालायला लागली.

"आगं, तुला लगीच कुटं..." मी म्हटलं.

"तू गप. बाज आन तिकडं."

ताप चढला. पौडच्या दवाखान्यात नेली, सुया झाल्या, पण छातीत भरलेलं उतरेना. शेवटी 'मला घरी न्या' म्हणून तिनं हट्ट धरला, आणि घरी आणल्यावरही घरात पाऊल टाकलं नाही. गोठाच. सूनबाईनं पदर तोंडाला लावून विचारलं, "आत्याबाई, सईला लांबनं आणू का? खिडकीपतूर?"

"आनाल तर बघा," आक्का म्हणाली. आवाज उरला नव्हता, पण दम तोच. मग थोड्या वेळानं, "भात खाल्ला का तिनं?"

खाल्ला होता. तसं सांगितलं. दुपार कलता कलता आक्का गेली.

तिरडीला अख्खं गाव आलं. पुढचा खांदा बबनचा होता, आणि नदीपर्यंत त्यानं तो बदलू दिला नाही. सई खिडकीत उभी होती, तोंडाला मास्क. अंत्ययात्रा फाटकातून बाहेर पडली आणि माणसांच्या रेट्यानं फाटक सताड उघडं राहिलं.

संध्याकाळी ज्ञानू म्हणाला, "आण्णा, उद्यापासनं लोक दुखवट्याला येनार. बाया गळ्यात पडून रडनार. आपन न्हाई म्हनलं तर आक्काचाच अपमान. चार दिस फाटक उघडं ठिवू." सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. गोठ्यातून आक्काची बाज ओढत आणली आणि साबणानं धुतली. मेलेल्या माणसाची बाज वापरत नाहीत, मला माहीत आहे. फाटक लावलं. बाहेर आंब्याखाली सतरंजी अंथरली. पायमोज्यात नवा साबण घातला आणि काठी मांडीवर घेऊन बसलो.

पहिला बबनच आला. डोळे सुजलेले. कडीला हात घातला.

"हात दाखव," मी म्हणालो.

तो बघतच राहिला. "आरं, काल खांदा दिलाय मी तिला."

"दिलास. म्हणून सतरंजी घातलीय. नळ तिकडं हाय."

माझ्या पाठीमागं खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी वळलो नाही.