आक्काची हिरवी खुर्ची

आक्का गेली. सकाळपासून मला बसवत नाहीये.

उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. अंत्यविधी पुण्यात, तिच्या लेकीकडे. डॉक्टरांनी मला प्रवास बंद केलाय.

नातसून म्हणते, आजोबा, बसा ना जरा.
कशावर बसू? गॅलरीतली ती लोखंडी खुर्ची आक्काची.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा कुठलातरी उन्हाळा. बार्शीहून आक्काला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा शाळेत मराठी शिकवायचा. आक्कानं त्याला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बोलताना ऐकलं होतं.

घरात फक्त मला, धाकट्या भावाला, सांगितलं होतं तिनं. "हा नको म्हणाला तर पुन्हा पोहे घेऊन बाहेर यायची नाही मी."

उन्हाळ्यात आमचं घर म्हणजे भट्टी. पाहुणे बसणार ते अंगणातच, सडा मारून. आणि अंगणातल्या जाळीच्या लोखंडी खुर्च्या पार गंजलेल्या.

आक्कानं पॉलिश पेपरनं गंज काढला. शेजारच्या गॅरेजमधून यासीनभाईंनी भिंतीवरून स्प्रे-गन दिली. नाकाला पदर बांधून ही उभी.

मला म्हणाली, शाळेतली एखादी कविता म्हण रे, चालीवर हात एकसारखा फिरतो.
मी माझी आवडती लावली. संथ चालीची. डोळे मिटून. तिचा हातही तसाच संथ फिरला.

रंग जाड बसला.

मग खुर्च्या गच्चीवर, भर उन्हात, पापडांच्या शेजारी. आमचे वडील, अण्णा, निवांत. "सोलापूरचं ऊन हाय हे. सांडगं वाळत्यात, रंगाचं काय घिऊन बसलीस?"

आक्का पापड बघावा तसं बोटाच्या पाठीनं बघायची. कडक, कोरडा.
वरून.

संध्याकाळी पाहुणे बसले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील उठले, तशी खुर्चीही उठली.

सोडवली तर पांढऱ्याशुभ्र धोतरावर हिरवी जाळी. उन्हानं वर नुसती साय धरली होती, आत रंग ओलाच.

कुणी हसेना. अण्णांनी माझ्याकडं बघून दात खाल्ले. ह्या कार्ट्याचंच काम असणार, म्हणाले.

आक्का दारातून पुढं आली.
"त्याला बोलू नका. रंग मी मारलाय."

पाहुण्यांनी वर बघितलं. "पोरीनं? मशिनीनं?"

"व्हय."

मला वाटलं, संपलं.

मुलगा मात्र बसलेलाच. वडील म्हणाले, चल, एसटी चुकंल.
तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. मी अजून एक कप चहा घेतो. हे वाळल्याशिवाय मला काय उठता यायचं नाही."

आक्का चहा ठेवायला आत पळाली. तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती, मला अजून कळलेलं नाही.

तेच आमचे दाजी. ती जाळी उमटलेली पँट त्यांनी जन्मभर कुणाला टाकू दिली नाही.

पुढं दर उन्हाळ्यात माहेरी आली की आक्का खुर्च्या रंगवायची. सावलीत. रंगाचा पातळ हात मारून.
गन गेली, स्प्रेचे डबे आले. खुर्च्या एकेक करून भंगारात गेल्या, ही तेवढी राहिली. घर गेलं, फ्लॅट आला, तरी राहिली.

दाजी गेले त्या वर्षीही आली. डबा हलवत म्हणाली, "कविता म्हण की. पण ती तुझी रडकी नको हं. पुन्हा कोणतरी चिकटायचं."

आज दुपारी मीच डबा काढला. हलवल्यावर आतली गोळी खडखडली, तशी नातसून धावत आली. खाली रद्दी पसरून दिली.

नाकाला पंचा बांधला. जलद चालीची कविता धरली. दुसऱ्या ओळीलाच सोडली.

मग तीच म्हटली. संथ. अख्खी.

रंग जाड बसलाय, आक्का.
खुर्ची सावलीत ठेवलीय. वाळायला वेळ लागेल.
तोवर मी उभाच आहे.

नीट जा.
दाजींना सांग, हिरवाच मारलाय.