धड न झुकवता

“धड झुकवून हात वर नेला, तर तो हात उचललाच नाही!” सर फिजिओथेरपीच्या वर्गात ओरडायचे आणि पोरांची गाळण उडायची.

अर्धांगवायूनंतर ते तपासणीसाठी आपल्याच जुन्या विद्यार्थिनीकडे आले. हात उचलला जातो असं तिने लिहून दिलं, तरच त्यांना पुन्हा वर्ग मिळणार होता.

“सर, अ‍ॅबडक्शन. हात बाजूने, शरीरापासून दूर.”

“मला शिकवतेस होय गं?” ते हसले. खांदा थरथरला, धड हळूच डावीकडे कललं आणि अधू उजवा हात वर गेला.

कललेलं धड तिला दिसलं. तरी ती म्हणाली, “छान, सर! सोमवारपासून या शिकवायला.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. चुकलेल्या पोराकडे ते असंच बघत. मग अधू हात दुसऱ्या हाताने उचलून त्यांनी खिशात घातला आणि ते बाहेर पडले.