किरणं मारलेले शेंगदाणे

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला खराब शेंगदाणे हवे होते, आणि जळकोटजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीकडे ते होते. गोष्ट एवढी सोपी होती.

नांदेडच्या कॉलेजात माझा प्रकल्प होता. बुरशी लागलेल्या दाण्यांवर गॅमा किरण सोडायचे आणि त्यातलं बुरशीचं विष किती कमी होतं, चव आणि तेल किती शाबूत राहतं ते बघायचं. पाऊस नसला की शेंग जमिनीतच तडकते आणि बुरशी आत शिरते. म्हणजे त्या वर्षीचा दुष्काळ माझ्या प्रकल्पाला फारच अनुकूल होता. हे मी घरी बोलले नाही. मी बहुतेक गोष्टी घरी बोलत नाही.

मावशीला फोनवर सांगितलं, "काळपट, सुरकुतलेले, निवडून टाकलेले दाणे पाठव." काही दिवसांनी एसटीच्या पार्सलनं पिशवी आली. आत टपोरे, गुलाबी दाणे. एकही डागाळलेला नाही. परीक्षेला बसलेल्या पोरीला सडकं काही द्यायचं, हे आमच्याकडे कुणाच्या हातून होत नाही.

सरांनी एक दाणा तोंडात टाकला. "उत्तम," ते म्हणाले, "पण यात विष कुठंय?"

चवीच्या चाचणीसाठी चांगले दाणे लागणारच होते, ते ठेवून घेतले. खराब आणायला मी स्वतः गेले. नांदेडहून अहमदपूर, तिथून गाडी बदलून पुढं. गल्लीत टँकरची वाट बघत घागरी रांगेत बसल्या होत्या. माणसं सावलीला. काकांना जय भीम घालून मी आत गेले, तर मावशी दाण्याची चटणी कुटत होती. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. कडू लागली.

"मावशी, हे दाणे कुठले?"

"तुला निवडून पाठवले ना, त्यातले उरलेले. आम्ही तेच खायलोत."

माझ्या प्रकल्पातलं विष कुठंय, याचं उत्तर मिळालं. चांगले दाणे माझ्याकडे आले नसते, तर निदान या चटणीत दोन्ही मिसळून आले असते. मी मावशीला जमेल तसं समजावलं. हे विष डोळ्यांना दिसत नाही, भाजून जात नाही, आणि लिव्हरला बाधतं.

"अगं माय," मावशीनं मुसळ न थांबवता म्हटलं, "आमचं लिव्हर काय तुझ्यासारखं इंग्रजी शाळेत गेलं न्हाई. त्याला सगळं पचतंय."

काका बाहेरून हसले. मी दाण्यांचा डबा माझ्याकडे ओढला.

"असल्या सालात खायचं टाकून देऊ म्हनतीस?"

"टाकू नको, मला दे. हे नसतील तर सर मला नापास करतील."

मुसळ थांबलं. स्वतःच्या लिव्हरसाठी न हललेली मावशी माझ्या मार्कांसाठी उठली. डबा उपडा केला, केलेली चटणीही बांधून दिली. अटी मात्र दोन घातल्या. "आपल्या घरचे म्हनू नको, बाजारचे म्हन. अन् किरणं मारून नीट झाले की परत आन."

"नवा जिल्हा होऊ दे," काका म्हणाले, "हे किरणांचं मशीन इथंच येतंय बघ." आमच्या भागाचा वेगळा जिल्हा होणार अशी त्या वर्षी चर्चा होती, आणि काकांनी सगळंच त्याच्यावर सोपवलं होतं. नळाचं पाणी, कॉलेज, रेल्वे. एक मशीन त्यात सहज मावलं.

किरणांनी बुरशी मेली. विष मात्र पुरतं गेलं नाही. मात्रा वाढवली की ते आणखी कमी व्हायचं, आणि तेलाला खवट वास यायचा. सर खूश झाले, कारण निष्कर्ष निघाला होता. खराब दाणे प्रयोगशाळेनं नष्ट केले. उरले ते मावशीचे पहिले, चवीच्या चाचणीसाठी हलके किरण दिलेले. ते घेऊन मी मावशीकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं.

मावशीनं एक दाणा चावला. "बघा, काय होते अन् काय करून आनले पोरीनं!"

"मावशी, हे ते नव्हेत. हे तुझे आधीचे चांगले. ते खराब नीट होत नाहीत."

"लाजू नको गं. पहिला नंबर आला तरी सांगायची न्हाई ही."

मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगत गेले, तितकी मी विनयी ठरत गेले. संध्याकाळपर्यंत शेजारणी आपापले डबे घेऊन आल्या. मावशीनं मशीनचं गल्लीभर सांगितलं होतं, त्यामुळे कुणीही खराब दाणे खाल्ले नव्हते, मशीनसाठी राखून ठेवले होते.

"हे परत येणार नाहीत," मी प्रत्येकीला म्हटलं.

"न्हाई आले तर न्हाई आले. तुझ्या परीक्षेला होतील."

ते सगळं एका पोत्यात भरून मी परतीच्या गाडीत बसले. मावशीनं खिडकीतून ताज्या कुटलेल्या चटणीची पुडी दिली. गाडी फाट्यावर वळल्यावर मी पुडी सोडली आणि चिमूटभर जिभेवर ठेवली. कडू नव्हती.