मारुतीचं तेल खाणारा

निळी माती मी आयुष्यात एकदाच पाहिली, तीही सासरच्या गावी, पिंपळगाव राजाला, मारुतीच्या ओट्याखाली.

मी खामगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सासरच्या गावात दर शनिवारी मारुतीला तेल घालतात. ते ओट्यावरून ओघळून खालच्या मातीत मुरतं. इतकं तेल पिऊनही त्या जागेला कधी खवट वास कसा येत नाही, हे काही मला उलगडेना, म्हणून एकदा चमचाभर माती डबीत घालून नेली. त्यातला एक जिवाणू बशीतलं तेल बघता बघता फस्त करू लागला. पुण्याहून त्याच्या डीएनएचा अहवाल आला आणि मी तो दोनदा वाचून काढला. नोंदलेल्या कुठल्याच जातीशी तो जुळत नव्हता. नवी जात! जन्मभर मुलांना दुसऱ्यांचे शोध शिकवणारी मी, माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

लगेच मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन लावला. मारुतीची दिवाबत्ती तेच पाहतात. "मामाजी, आपल्या मारुतीखाली तेल खाणारे जंतू सापडले!"

"बरं झालं सांगतलं," म्हणाले आणि ठेवून दिला. त्यांचे फोन एवढेच असतात.

नव्या जातीला नाव मिळवायचं तर तो जिवाणू दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जिवंत जमा करावा लागतो. नुसता अहवाल चालत नाही. नाव मी गावावरूनच ठेवणार होते. पण दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या फ्रिजने दगा दिला. उघडून पाहते तर सगळ्या नळ्यांत बुरशी! मग स्वतःलाच दटावलं, अगं, मातीत आहेच की तो. आणि एसटी पकडली.

ओट्यापाशी पोचले आणि वाकून पाहिलं. काळी तेलकट माती गायब. तिथे खड्डा, आणि खड्ड्यात निळंशार.

मामाजी मोठ्या हौसेने दाखवू लागले. "सारी माती खरवडली, नाल्यावर नेऊन जाळली. मंग संत्र्याच्या झाडाले मारतो ना, ते मोरचूद अन् चुना ओतला. एकबी जंतू नाही राह्यला आता. देवाचं तेल खाऊन राह्यले होते लेकाचे!"

"मामाजी, काय करून बसलात हे!" सासऱ्यांवर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. रागाच्या भरात सगळं भडाभडा ओकले. ती कीड नव्हती, रोग नव्हता. सांडलेलं तेल खाऊन तो ती जागा स्वच्छ ठेवत होता. जगात दुसऱ्या कुणालाही तो सापडलेला नव्हता. नंतर आजूबाजूची माती मी कितीदा तरी नेऊन पाहिली, बशीत तो पुन्हा काही उगवला नाही.

माझं ऐकून मामाजी तिथेच ओट्याच्या कडेला टेकले. भंडाऱ्यात शेवटची पंगत उठेपर्यंत तोंडात घास न घालणारा हा माणूस.

"म्हणजे तो मारुतीच्या दारात जेवून राह्यला होता," ते हळूच म्हणाले. "जेवत्याले मारलं म्या, सूनबाई?"