एका वेळी एक दात

नारायणगुड्यातल्या एका लॅबमध्ये मी दातांच्या कॅप बनवायला लागले आणि पहिल्या महिन्यातच रोज संध्याकाळी माझं डोकं ठणकायला लागलं. शहरभरातले दातांचे डॉक्टर फोन करून विचारायचे, "झालं का?" ज्याचा फोन येईल त्याचं काम मी हातात घ्यायचे. टेबलावर पाच पेशंटांच्या दातांचे साचे, आणि पाचही कामं अर्धवट.

एकदा त्या गडबडीत उजव्या दाताऐवजी डाव्या दाताची कॅप बनवून पाठवली. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला आणि डॉक्टर फोनवर ओरडतायत. शेजारच्या टेबलावर आपा बसायच्या, आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या कारागीर. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"गलती हमारी है, डॉक्टरसाब. परसों नई कॅप मेरे हाथ से आती," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मग माझ्या टेबलावरचे चार साचे उचलून स्वतःच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं.

"आपा, ते आजच द्यायचेत!" घाबरून मी मराठीतच ओरडले.

"पहले ये एक बना, फिर दूसरा देती. दाँत भी सब एकसाथ नै निकलते, माँ." लाडात आल्या की त्या आम्हा मुलींनाच माँ म्हणायच्या.

मला इतका राग आला की जेवताना मी त्यांच्याशी बोललेच नाही. पण संध्याकाळी पाचला बघते तर चार कॅप तयार! पाचवी उद्या मिळेल, हे त्या पेशंटच्या डॉक्टरांना सांगायचा फोन आपांनी मलाच करायला लावला. पुढे महिनाभर ते कुलूप चाललं. फोन मी फक्त बाराला आणि चारला घ्यायचे. डॉक्टर आधी कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली. माझं डोकं कधी दुखायचं थांबलं ते कळलंही नाही.

एका संध्याकाळी हिमायतनगरला मिरची भजी खाताना मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? माझ्या वयात त्याही अशाच धावायच्या म्हणे. एका सकाळी बोटं अशी आखडली, की लेकीच्या फ्रॉकची बटणं लावता येईनात.

"छोटी रो री थी, मैं भी रो री थी," त्या हसत म्हणाल्या. "उस दिन से ऐसाच करती."

मी आणखी एक प्लेट मागवली. त्या संध्याकाळी आपांसोबत बसता यावं म्हणून घरी जायच्या कुकटपल्लीच्या दोन बस मी मुद्दाम सोडल्या.