पोटरी पाह्य!

"पोटरी पाह्य! धाकल्याले सोडा!"

आवाज एवढा मोठ्ठा की माझ्या हातातली सुई खाली पडली. टाके घालत छातीपर्यंत आलो होतो. भरदुपार, चीरघराचा पत्रा तव्यासारखा तापलेला. आत मी, डॉक्टर मॅडम आणि टेबलावर तो मयत... विहिरीतून काढलेला, कपाळ फुटलेला.

भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नव्हता. पांढरकवड्याच्या पुढे, हायवे सोडून आत आमचा दवाखाना. कागदावर पोस्टमॉर्टम डॉक्टर करतात — तपासतात, नमुने घेतात, कारण लिहितात. पण चिरणारा, कवटी उघडणारा, शिवून पुन्हा माणसात आणणारा हात माझा! अर्धा तालुका या हाताखालून गेलाय. (बायको म्हणते, पाव. असो.) एकानंही कधी तोंड उघडलं नव्हतं.

मला वाटलं, बाहेरचा पोलीस जमादार ओरडला. खिडकीतून पाहिलं... तो निंबाखाली बसलेला, तोंडात तंबाखूचा खर्रा गच्च. शेजारी मयताचा धाकटा भाऊ शंकर. आदल्या दिवशी शेताच्या धुऱ्यावरून दोघांचं भांडण झालेलं, म्हणून यानंच ढकलला असा संशय. मॅडम काय लिहितात यावर पोराचं आख्खं आयुष्य लटकलेलं.

मॅडम पांढऱ्याफटक. "किसनभाऊ, तुम्ही ओरडलात?"

"नाही जी! मले वाटलं, तुम्हीच..."

आता खरं सांगतो — गुडघ्याखालचा चिखल मी धुतलाच नव्हता. आळस, दुसरं काय! आता पाणी ओतलं. डाव्या पोटरीवर दोन टोचे. मॅडमनी तिथं चिरायला लावलं. आत मांस काळंनिळं, सुजलेलं. साप! चक्कर येऊन विहिरीत गेला असणार, पडताना कपाळ काठावर आपटलं.

मान वर केली तर... त्याचा जबडा मीच चिंधीनं बांधला होता, गाठ मारून. चिंधी गळ्यात आली होती. तोंड उघडं.

उरलेले टाके मी डोळे मिटून घातले. त्या आवाजाचा उलगडा आजपर्यंत मला नाही, मॅडमना नाही.

जमादारानं शंकरला सोडलं. बॉडी गाडीत चढवताना मी त्याला म्हटलं, "बाबू, तुह्या भावानं अंदरून आवाज देल्ला, म्हणून वाचला तू."

त्यानं गाडीचं दार धरून ठेवलं. मग म्हणाला, "कसा होता जी त्याचा आवाज?"

"काहून? तुले नाही माहीत?"

"नाही. जन्माचा मुका होता तो."