गिऱ्हाइकाचं स्टूल

फोन आला तेव्हा मी एक चांगला चालता मिक्सर बिघडवत होतो. गैरसमज नको, त्याचाच मला पगार मिळतो. गडचिरोलीकडच्या एका तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये मी विजेची उपकरणं दुरुस्त करायला शिकवतो. एका तुकडीने दोष शोधून काढला की दुसऱ्या तुकडीसाठी तो पुन्हा घालून ठेवायचा, ही आमची रीत. "सर, निर्मला मॅडम गेल्या," माझी जुनी विद्यार्थिनी वनिता एवढंच म्हणाली... हातात पेचकस तसाच राहिला. त्या दिवशी तो मिक्सर मी न बिघडवता ठेवून दिला.

निर्मलाबाई आमच्याकडे शिवण शिकवायच्या. मूळच्या चिमूरकडच्या. सकाळी आल्या की सगळ्यांना जयभीम, मला मात्र, "काय सर, आज काय बिघडवलं?" काही वर्षांपूर्वी वरून आदेश आला, पोरांना उद्योजकताही शिकवा. मी आयुष्यात जुनी सायकलसुद्धा विकली नव्हती. तरी पुस्तकातलं 'बाजारपेठ सर्वेक्षण' फळ्यावर उतरवलं, चौकटी आखल्या, बाण काढले. पोरं जांभया देत होती. बाई दारातून ऐकत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "सर, तुमच्या हातचं काम कोणी घरी नेलं का कधी?" मी नाही म्हणालो. "मंग पोरायले बाजाराचं भेव काऊन दाखवता?"

त्यांच्या वर्गात टेबलासमोर एक बुटकं लाकडी स्टूल असायचं. ते गिऱ्हाइकाचं. प्रत्येक मुलीने आळीपाळीने त्यावर बसायचं, घासाघीस करायची, ब्लाउज बिघडला म्हणून रुसायचं. समोरचीने ऐकून घ्यायचं. मला तो पोरखेळ वाटे.

मग बाईंनीच आठवडी बाजारात आमचं दुरुस्तीचं टेबल लावायला लावलं, शेजारच्या चहावाल्याकडून लाइन घेऊन. वनिताला तेव्हा गावातच दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. तिच्या वडिलांना वाटे, पोरीच्या हातात कोण आपलं मशीन देणार. त्यापेक्षा पुण्याच्या कंपनीत गेलेली बरी. बाईंनी त्यांना गळ घातली, घरचा बंद पंखा बाजारात आणा, पोरीचं काम पाहा, मग ठरवा. त्यांनी पंखा ठेवला आणि ते मिरच्या घ्यायला गेले. वनिताने तासाभरात तो फिरवून दाखवला आणि ती त्यांना बोलवायला धावली. मी खूश. बाकीच्या पोरांना दोष कुठे होता ते समजावलं, आणि बोलता बोलता माझ्या हाताने आपली नेहमीची वायर ढिली केली, झाकण लावलं... पंधरा वर्षांची सवय. वडील आले, घाईत पंखा चालवून न पाहताच खांद्यावर टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी तो पंखा माझ्या टेबलावर परत. भर मे महिना, रात्रभर घरदार घामाघूम. "गुरुजी, पोरीले पुण्यालेच धाडतो," एवढंच ते बोलले. वनिता मान खाली घालून उभी. मी झाकण उघडलं आणि माझंच काम ओळखलं. रस्त्यात हादरा बसला असेल, असं सांगायला तोंड उघडणार, तोच बाई स्टूल घेऊन आल्या. वाटलं, वडिलांसाठी असेल.

"बसा सर. आता पंखा तुमचा हाय. घरी सारे वाट पाहून राह्यले. बोला, काय ऐकाचं हाय तुमाले?"

मी बसलो. गुडघे हनुवटीला लागले. त्या उंचीवरून थाप मारणं काही जमेना. वायर मीच सोडली, पोरीचा काही दोष नाही, असं सांगून टाकलं. वडील हसू दाबत म्हणाले, "मास्तर असून?" तोवर वनिताने वायर आवळली होती. तिने मला उठवून वडिलांना स्टुलावर बसवलं, पंखा सुरू केला आणि म्हणाली, "बाबा, दहा मिनिटं बसा. चालते का पाहा, मंगच न्या." ते चांगले अर्धा तास बसले. पुण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही त्यानंतर फळ्यावर बाण काढले नाहीत. आमच्या विभागासाठी एक स्टूल तेवढं करून घेतलं.

बाईंचं स्टूल निवृत्तीनंतर वनिताच्या दुकानात गेलं. परवा घरचा मिक्सर घेऊन मी तिथे गेलो. स्टुलाच्या कडेला बाईंच्या गुलाबी खडूची रेघ अजून आहे. तिने मला त्यावर बसवलं, मिक्सर सुरू करून माझ्यासमोर ठेवला आणि दहा मिनिटं थांबायला सांगितलं. मिक्सर बंद केल्यावरही मी बाईंच्या आठवणी सांगत होतो, ती मान डोलवत ऐकत होती. मग माझ्या हातांकडे पाहत हळूच तिने हात पुढे केला.

"सर, तो पेचकस द्या इकडे."